तार उतरवायची राहिली

दादा,

तू तार उतरवायची विसरलास. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तू गेलास यावर माझा अजून धड विश्वास बसलेला नाही, आणि तू तार चढलेली ठेवून उठलास यावर तर मुळीच बसत नाही. मी कधी घाईत तुणतुणं तसंच खिळ्याला अडकवलं की तू पायात चपला घालता घालता परत फिरायचास. खुंटी सैल करायचास, तार ढिली झाली का ते बोट लावून बघायचास आणि मग माझ्याकडे असा पाहायचास, जणू मी गॅस चालू ठेवून घराबाहेर पडले होते.

त्या गुरुवारी दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरला ऑफिसात होते. "बाई, तुमी निघा," एवढंच ती म्हणाली. जीप भरल्याशिवाय आपल्याकडचा ड्रायव्हर हलत नाही, हे तुला माहीत आहे. मी त्याला काय बोलले ते आता आठवत नाही, पण त्या दिवशी तो अर्धी जीप रिकामी घेऊन शेलूबाजारला निघाला. वाटेत कोणी हात दाखवला तरी थांबला नाही.

दुकानात, अर्धी बांधलेली मोटर पुढ्यात घेऊन, खुर्चीत बसल्या बसल्या तू गेलास. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. डॉक्टर सगळ्यांच्याच बहिणींना असं सांगत असतील, पण मी ते निमूट घेतलं. घरी बाहेरच्या खोलीत तुला ठेवलं होतं, आणि तुझ्या डोक्याच्या वर, नेहमीच्या खिळ्याला, तुणतुणं टांगलेलं होतं. बायका रडत होत्या, मीही रडत होते आणि रडता रडता माझं लक्ष तारेकडे गेलं. ताठ होती. माझं रडणं तेवढ्यापुरतं थांबलं. वाटलं, आता हा उठेल आणि खुंटी सैल करेल.

हे वेड तूच घरात आणलंस. माय गेल्यावर तिच्या सामानात ती लोखंडी पायली निघाली होती, धान्य मोजायची. बूड गंजून गळून पडलेलं. मी म्हटलं, भंगारात द्या. तू ती दुकानात नेलीस. मला वाटलं नट-बोल्ट ठेवायला नेली असेल. मग एका रविवारी तुझा फोन. "सुमे, ये. एक वस्तू दाखवतो." येऊन पाहते तर पायलीच्या गेलेल्या बुडाच्या जागी कातडं ताणलेलं, अंगाला बांबूची काठी ठोकलेली, काठीच्या टोकाला लाकडाची खुंटी आणि कातड्याच्या मधून निघून खुंटीपर्यंत गेलेली एक तार. लहानपणी जयंतीच्या गाण्याच्या पार्टीत सगळ्यांच्या मागे उभा राहून एक माणूस वाजवायचा ना, तसं तुणतुणं. तू पन्नाशी ओलांडलेला, मी पन्नाशीला टेकलेली. मी विचारलं, हे आता या वयात कशाला? तू म्हणालास, गुडघे दुखायला लागल्यावर बसून करायचं काहीतरी पाहिजे.

त्याला तार मात्र तू मोटर बांधायची लावली होतीस, तांब्याची. मोटर वाइंडिंग करणाऱ्याच्या घरी तारेला काय तोटा. पण तांबं मऊ. चार वेळा छेडलं की तार लांबायची, सूर खाली बसायचा, तू खुंटी पिळायचास, की पुन्हा खाली. तू घाम पुसत पिळतोयस, तार ताणत चाललीय, खुंटीवर वेढ्यावर वेढे. वहिनी आतून म्हणाली, "गाणं म्हणून राह्यले का मोटर बांधून राह्यले?" आपण दोघं इतके हसलो की तुला ठसका लागला. माय गेल्यानंतर त्या घरात एवढं हसू पहिल्यांदा ऐकू आलं.

मग ते घेऊन तू माझ्याकडे मंगरूळपीरला आलास आणि आपण दर्ग्याच्या रस्त्यावर रहीमचाचांकडे गेलो. ढोलक, डफ मढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पायली बघून ते हसतील अशी माझी खात्री होती, लाज वाटून मी दोन पावलं मागेच उभी होते. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, कोणाची? तू म्हणालास, मायची. मग त्यांनी तू लावलेलं कातडं काढून टाकलं, चांगलं बसवलं, पोलादी तार ओवली आणि आपल्या हातात देताना म्हणाले, "वाजवून झालं का तार उतरवून ठेवजा. चमडा बी थकते." मला ते ऐकून गंमत वाटली. तुला मात्र ते लागलं. तू त्या दिवसापासून ते वाक्य जे धरलंस ते सोडलंच नाहीस.

मी शिकायला बसले ती भलत्याच आशेने. मला वाटलं होतं, यावर गाणं वाजवता येतं. वर-खाली बोटं फिरतात, चाल निघते. पहिल्या रविवारी कळलं की याला बोटं फिरवायला जागाच नाही. एक तार, एक सूर. माझा चेहरा पडला.

"एकच सूर? मंग यात शिकाचं काय हाये?"

"वाजव तं खरी," तू म्हणालास आणि मोटरच्या फायबर कागदाची कापलेली चपटी पट्टी माझ्या हातात दिलीस. तुझी तार छेडायची काडीसुद्धा दुकानातलीच.

वाजवलं. आणि कळलं की हात एका चालीत ठेवणं मला जमत नाही. पहिल्या कडव्याला बरा असायचा, दुसऱ्याला पुढे पळायचा, तिसऱ्याला गाणं मागे आणि मी पुढे. दिवसभर ऑफिसात फाइली इकडून तिकडे करताना लागलेली घाई हातातून जात नव्हती. तू गाणं मध्येच थांबवून म्हणायचास, "सुमे, तुहं तुणतुणं बस पकडाले निघालं पाह्य." मी चिडायचे. तू पुन्हा पहिल्या ओळीवर यायचास. कधी आवाज चढवला नाहीस. मला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी काही शिकवलं, त्यांनी शेवटी परीक्षा घेतली. तू एकट्याने घेतली नाहीस. कुठल्यातरी रविवारी, कुठला ते लक्षात नाही, गाणं संपलं आणि तू काहीच बोलला नाहीस. तेव्हा समजलं की माझा हात सरळ चालला होता. मी घरी परत येईपर्यंत जीपमध्ये एकटीच हसत होते, आणि शेजारच्या बाईने विचारलं, बाई, पोराचं जमलं का कुठे? तुला हे सांगायचं राहून गेलं. त्या रविवारांनी मला किती दिलं हेही सांगायचं राहिलं. आपल्याकडे भावाला असं तोंडावर कोणी सांगत नाही.

आपलं गाणं एकच होतं. मायचं. तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं, निंदताना, तूर सोलताना गुणगुणायची. मी शाळेत जायला लागले तेव्हा दप्तराला कापड नव्हतं, तर तिने लुगड्याचा काठ फाडून पिशवीला लावला, त्याचं गाणं:

पुस्तकाच्या पिशवीले लावला मी लुगड्याचा काठ,
लेक माही शाळेत गेली, मोकळी झाली माही वाट.

पुढची कडवी तुला जास्त आठवत होती, मला कमी. तू घरी जास्त राहिलास म्हणून. दहावीनंतर तू दुकानात बसायला लागलास आणि मी पुढे शिकत गेले, हे या गाण्यात नाही. त्यावर आपण कधी बोललोही नाही. मी एकदा विषय काढायला गेले तर तू म्हणालास, मोटरी बांधायला मला आवडतं, आणि खरंच आवडत असलेल्या माणसासारखा तू पुढचा तासभर मला मोटर कशी जळते ते समजावून सांगितलंस. मी तो विषय तिथेच सोडला.

भांडण होतं ते पट्टीवरून. तुणतुण्याची तार गाणाऱ्याच्या गळ्याला लावायची असते. गळा खालचा असेल तर तार खाली, उंच असेल तर वर. मायचा आवाज भरदार, खालचा. तुझाही तसाच, फोनवर लोक तुला ऐकून म्हणायचे, आवाज अगदी आईवर गेलाय. माझा आवाज बारीक आणि वरचा, कोणावर गेला देवाला ठाऊक. तू तार तुझ्या गळ्याला लावायचास आणि मी त्या पट्टीत गायला लागले की दुसऱ्या ओळीच्या शेवटी, 'वाट' शब्दावर, माझा आवाज तळाला जाऊन नुसती हवा व्हायचा. मी म्हणायचे, थोडी वर घे. तू म्हणायचास, नाही. दर रविवारी हेच. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणायची, "झालं या दोघायचं तुणतुणं सुरू," आणि कोणत्या तुणतुण्याबद्दल बोलते आहे ते विचारायची गरज नसायची.

आणि ती नेलपॉलिशची खूण. रोज उतरवलेली तार रोज नव्याने लावायची, त्यात तुझा वेळ जायचा, म्हणून तू पल्लवीची गुलाबी नेलपॉलिश घेतलीस, तार तुझ्या पट्टीत लावलीस आणि खुंटीवर एक रेघ आणि तिच्या समोर बांबूवर एक रेघ ओढलीस. रेघेला रेघ लागली की पट्टी लागली. मोटर बांधणाऱ्याची अक्कल, मी म्हटलं. पल्लवी अकोल्याहून सुट्टीला आली तर बाटली अर्धी. लेकीने बापाला असं बोलून घेतलं की तू दिवसभर घरात पाय टाकला नाहीस.

त्या खुणेने तुला शेजारच्यांच्या गृहप्रवेशाला चांगलंच तोंडघशी पाडलं. आभाळ भरून आलेलं, हवेत ओल. तू ऐटीत रेघेला रेघ लावलीस आणि सुरू केलंस. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, तार आपोआप खाली येते, हे तुझ्या रेघेला कुठे माहीत. सूर इतका खाली बसला की तुझाही गळा पुरेना. लोक गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. एक म्हातारी मला हळूच म्हणाली, भावाले बरं नाई काय? परत येताना तू म्हणालास की उन्हात कातडं ताणतं आणि तार वर चढते, ओलीत उतरते, खुंटी काय करणार बिचारी. खूण मात्र पुसली नाहीस.

शेवटच्या रविवारी आपण या पट्टीवरूनच भांडलो. फार नाही. आपलं नेहमीचं. तू म्हणालास, "मायचं गाणं मायच्या जागीच बसते, सुमे." आणि मी, कोणास ठाऊक कसं, पहिल्यांदाच म्हणाले, "पण गाण्यातली लेक मी आहो ना? तिले कधी तोंड उघडू देशील का नाई?"

तू कपाळावरचा घाम पुसलास, तार उतरवलीस, तुणतुणं खिळ्याला लावलंस. मला जीपपर्यंत सोडायला आलास. "येजो रविवारी," म्हणालास. मी म्हटलं, येते. आपण चांगले निरोप घेऊन वेगळे झालो, दादा. मला त्याची रुखरुख नाही. रुखरुख असली तर एवढीच की उत्तर मिळालं नव्हतं आणि ते मला हवं होतं.

तर आता ती तार. तू बुधवारी संध्याकाळी वाजवत बसला होतास, वहिनी म्हणाली. गुरुवारी सकाळी दुकान. म्हणजे बुधवारपासून ती तशीच चढलेली. उन्हाळा असा की दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, आणि आपली बाहेरची खोली पत्र्याची. लोक भेटायला येत होते, तुझ्याबद्दल बोलत होते, आणि मी भिंतीकडे पाहत बसले होते. रहीमचाचाही आले. त्यांना आताशा जीपमध्ये चढवत नाही, तरी आले. वहिनीसमोर हात जोडून बसले, मग वर बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "बाई, तार चढेल हाये. या उन्हात चमडा फाटन. उतरवून टाका."

मी म्हटलं, राहू द्या.

त्यांना वाटलं असेल, दुःखात आहे, ऐकत नाही. पण मला नीट समजत होतं. तार उतरवली की तू लावलेला शेवटचा सूर गेला. तुझा आवाज आपल्याकडे कुठे भरून ठेवलेला नाही. पल्लवीच्या मोबाइलमध्ये तुझे फोटो आहेत, एक व्हिडिओ आहे ज्यात तू बैलाला पाणी पाजतोस आणि बोलत नाहीस. तू गायचास ती जागा, मायची जागा, आता फक्त त्या खुंटीत होती. आणि नाही उतरवली तर मायची पायली फाटक्या कातड्याची होणार. मी दोन्हींच्या मध्ये अडकले. तार छेडूनही पाहिली नाही. कोणालाही हात लावू दिला नाही. पल्लवी तुणतुणं फोटोजवळ ठेवायला काढत होती, तर मी तिच्या अंगावर ओरडले. पोरगी बापाच्या दुःखात, आणि आत्या तुणतुण्यावरून ओरडते. ती रडली. मग मीही. मग तिनेच मला पाणी आणून दिलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कोण कोण बोलणार ते ठरत होतं. तुझे दुकानाकडचे मित्र, विहारातले काका. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला बोलता येणार नाही, मी मायचं गाणं म्हणते. वहिनीने विचारलं, एकट्या? म्हटलं, तुणतुण्यावर. मनात पक्कं केलं होतं की तुझ्या पट्टीतच गायचं. आवाज तळाला गेला तर गेला, हवा झाली तर झाली. लोकांना ऐकू नाही आलं तरी चालेल. एकदा तुझ्या सुरात सगळं गाणं म्हणायचं आणि मग तार उतरवायची. तेवढ्यासाठी तरी कातडं टिकू दे, एवढंच मी रोज त्याच्याकडे पाहून म्हणत होते.

कातडं टिकलं. चाचांचं काम होतं ते.

मंडपात वंदना झाली. मेणबत्त्या उन्हाने आपोआपच वाकल्या होत्या. तुझ्याबद्दल लोक चांगलं बोलले, थोडं जास्तच बोलले. तू ऐकलं असतंस तर उठून चहाचं बघायला गेला असतास. मग माझं नाव घेतलं. मी तुणतुणं बगलेत धरलं. तुझी ती फायबरची काडी तारेतच खोचलेली होती. डोळे मिटले, तुझ्या खालच्या सुरासाठी छातीत श्वास भरून घेतला आणि तार छेडली.

तो सूर तुझा नव्हता.

वर होता. मी थांबले. पुन्हा छेडली. पुन्हा तोच. मला क्षणभर वाटलं, दुःखाने कान गेले. मग मी पहिली ओळ उचलली आणि ती उचलावी लागलीच नाही. गळ्याला कुठे ओढ नाही, ताण नाही. 'वाट' शब्दावर आले आणि मी सवयीने घाबरले. आवाज तिथे होता. सबंध. मागच्या रांगेतल्या बायकांपर्यंत गेला, त्यांनी माना वर केल्या ते मी पाहिलं. तीन वर्षांत मी मायचं गाणं असं कधी म्हटलं नव्हतं, दादा. मला आठवतच नव्हती ती कडवीही आली. हात पळाला नाही.

नंतर माणसं जेवायला बसली तेव्हा मी रहीमचाचांजवळ गेले. म्हटलं, चाचा, तार इतकी कशी चढली? ते म्हणाले, ऊन किती हाये, चमडा ताणला असन. मी म्हटलं, हो, तसंच असेल. मला पटलं. तूच सांगितलं होतंस की उन्हात तार वर चढते. मी मनाची समजूत घातली की चला, उन्हाने का होईना, एकदा माझ्या पट्टीत झालं. मग सवयीने तार उतरवायला खुंटीला हात घातला.

तुझ्या गुलाबी रेघा एकमेकींसमोर नव्हत्या. बांबूवरची जागच्या जागी होती. खुंटीवरची पुढे सरकली होती, चांगली पाव फेरा.

ऊन कातडं ताणतं. खुंटी पिळत नाही.

मी वहिनीला आत हाक मारली. विचारलं, बुधवारी दादा काय गात होता? ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "गाऊन कुठं राह्यले होते? बायकी आवाज काढून राह्यले होते. खोकत, पुन्हा काढत. मी म्हटलं, येडे झाले काय? तं म्हणे, थांब, सुमीचा गळा कुठं लागते ते पाहून राह्यलो." आणि मग ती हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता भिंतीला टेकली आणि आम्ही दोघी तिथेच खाली बसलो.

म्हणजे तू विसरला नव्हतास. मोठ्या कष्टाने सापडलेली जागा पुन्हा हरवू नये म्हणून चढलेली ठेवलीस. रविवारपर्यंत. त्या एवढ्या शिस्तीच्या माणसाने माझ्यासाठी चार दिवस कातडं थकू दिलं, याचं मी काय करू ते मला कळत नाही. मला आनंद होतो आणि रडू येतं, आणि दोन्ही एकाच जागेवरून येतं. तो खोकत काढलेला बायकी आवाज ऐकायला मी तिथे नव्हते, याची हळहळ आयुष्यभर राहील. मी तुला असं चिडवलं असतं, असं चिडवलं असतं.

त्या दिवशी मी तार उतरवली. अगदी हळू, तू उतरवायचास तशी. भीती वाटली नाही. माझी पट्टी आता मला सापडते, ती माझ्या गळ्यात आहे. तुणतुणं वहिनीने माझ्याकडेच दिलं. जीपमध्ये मांडीवर घेऊन आले. ड्रायव्हर तोच होता. म्हणाला, बाई, वाजवता काय? मी म्हटलं, हो.

आता रविवारी मी मंगरूळपीरच्या घरी एकटी बसते. आधी तार माझ्या गळ्याला लावते, गाणं सगळं म्हणते. तुला उत्तर दिल्यासारखं. मग खुंटी मागे घेते, रेघेला रेघ लावते, ढगाळ असलं तर कानाने थोडी सावरते, आणि तुझ्या पट्टीत, मायच्या पट्टीत, पुन्हा सुरू करते. या वादात तू हार मानलीस तर मलाही मानायला नको का? गळा दुखतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला मी अजूनही पोचत नाही. तिथे आले की तोंड मिटते आणि तुला जागा देते. तुणतुणं मात्र थांबवत नाही.